एकोणतीस एसडी आणि पाच विरुद्ध चार

एसवाय बीएस्सीच्या वर्गात 'टेस्टिंग ऑफ हायपोथिसिस' (दिसणारा फरक निव्वळ योगायोगाचा आहे हे गृहीतक नाकारता येतं का, ते तपासणं) सुरू झालं की आठवड्याभरात मुलांच्या तोंडी एकच मंत्र बसतो. झेड काढा, म्हणजे अपेक्षेपासून आकडा किती प्रमाण विचलनं दूर आहे ते, १.९६च्या पुढे गेला की रिजेक्ट, अलीकडे राहिला की ॲक्सेप्ट. ('ॲक्सेप्ट' म्हणू नका, 'रिजेक्ट करता येत नाही' म्हणा, हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी जर्नलमध्ये ॲक्सेप्टच सापडतं.) मंत्र पाठ झाला असं दिसलं की एका तासाला मी फळ्यावर नुसतं २९ लिहिते. झेडची किंमत २९. बोला, निर्णय काय? वर्ग हसतो. मॅडमनी आज सोपं विचारलं म्हणून. मग मी त्याखाली लिहिते: अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय, २३ मार्च १९७७, पाच विरुद्ध चार.

एकोणतीस प्रमाण विचलनांचा, म्हणजे एसडींचा, फरक समोर होता (एक एसडी म्हणजे योगायोगानं साधारण जेवढा चढउतार होतो तेवढा) आणि नऊपैकी चार न्यायाधीशांना तो पटला नाही. त्यांची आकडेमोड चुकली होती म्हणावं, तर तसंही नाही. आकडेमोडीवर वाद झालाच नाही. मग वाद झाला कशावर? या एका प्रश्नावर मी दोन तास घालवते आणि सिलॅबस मागे पडतो.

खटल्याचं नाव कास्टानेडा विरुद्ध पार्टिडा. जागा टेक्सासच्या दक्षिण टोकाची हिडाल्गो काउंटी. रिओ ग्रांदे नदीच्या अलीकडे अमेरिका, पलीकडे मेक्सिको. काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा. १९७०च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या होती १,८१,५३५. त्यातले १,४३,६११ जण मेक्सिकन वंशाचे, म्हणजे ७९.१ टक्के. पाचातले जवळजवळ चार.

१९७२ साली रोड्रिगो पार्टिडा याच्यावर तिथल्या ग्रँड ज्यूरीनं आरोप ठेवला, पुढे खटला होऊन तो दोषी ठरला. ज्यूरी म्हटलं की आपल्याकडे १९५९चा नानावटी खटला आठवतो. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक अशा मतांनी निर्दोष ठरवलं होतं, तो. पण ती खटला ऐकून निकाल देणारी ज्यूरी. ग्रँड ज्यूरीचं काम त्याच्या आधीचं: या माणसावर खटला भरण्याइतका आधार आहे का, एवढंच ती ठरवते. पार्टिडाचं म्हणणं होतं की हिडाल्गोत ग्रँड ज्यूरीच्या यादीत मेक्सिकन वंशाच्या लोकांना डावललं जातं, म्हणून आपल्यावरचा आरोपच बेकायदा आहे. राज्याच्या न्यायालयांनी ते मानलं नाही. संघराज्याच्या जिल्हा न्यायालयानंही मानलं नाही, त्यावरच्या अपील न्यायालयानं मानलं, आणि काउंटीचे शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, कास्टानेडा सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणून खटल्याच्या नावात त्यांचं नाव आधी.

यादी तयार कशी व्हायची ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळी गोम तिथे आहे. न्यायाधीश तीन ते पाच कमिशनर नेमायचे. ते कमिशनर काउंटीतून आपल्याला योग्य वाटतील अशी पंधरा ते वीस नावं काढायचे. त्या नावांतून बारा जणांची ग्रँड ज्यूरी बसायची. नाव यादीत येण्यासाठी माणूस नागरिक हवा, मतदानाला पात्र हवा, त्याला लिहितावाचता यायला हवं, मन ठिकाणावर आणि चारित्र्य चांगलं हवं, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नको. चिठ्ठ्या नाहीत, सोडत नाही. कमिशनरना कोण माहीत आहे आणि कोण 'चांगला माणूस' वाटतो, यावर सगळा कारभार.

पार्टिडाच्या बाजूनं काउंटीच्या दप्तरातल्या ११ वर्षांच्या याद्या काढल्या. एकूण बोलावलेली माणसं ८७०. त्यांत मेक्सिकन वंशाची ३३९. म्हणजे ३९ टक्के.

वंश ओळखला आडनावावरून. स्पॅनिश आडनाव दिसलं की मेक्सिकन वंशाचा. इथे वर्गात कुणीतरी हमखास हात वर करतं, आणि करायलाच हवा. आडनावावरून माणूस ओळखायची खोड आपल्याला काही नवी नाही आणि ती किती फसवी आहे हेही माहीत आहे. पवार, जाधव, गायकवाड ही आडनावं किती वेगवेगळ्या जातींत सापडतात ते वर्गातल्या हजेरीपटावरही दिसतं. लग्नानं आडनाव बदललेल्या बायका दोन्ही बाजूंना चुकीच्या मोजल्या जाऊ शकतात. पण अशा चुकांनी ३९चे ४१ होतील, ३७ होतील. ७९ व्हायचे नाहीत.

आता फळ्यावरचं काम. ते खरोखर चार ओळींचं आहे.

शून्य गृहीतक, म्हणजे वर्गातल्या भाषेत नल हायपोथिसिस: ८७० नावं अशा समष्टीतून, म्हणजे लोकांच्या अशा सबंध गटातून, यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी, रँडम) काढली आहेत जिच्यात मेक्सिकन वंशाचा वाटा, म्हणजे पी, ०.७९१ आहे. तसं असेल तर यादीतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांची संख्या द्विपदी वितरण पाळेल (प्रत्येक नाव स्वतंत्रपणे काढलं तर कुठली संख्या येण्याची शक्यता किती, ते सांगणारं सूत्र). अपेक्षित संख्या ८७० × ०.७९१, म्हणजे ६८८. प्रमाण विचलन √(८७० × ०.७९१ × ०.२०९), म्हणजे जेमतेम १२. प्रत्यक्षात ३३९. फरक ३४९. भागिले १२. एकोणतीस.

हे गणित निकालपत्राच्या सतराव्या तळटीपेत आहे. मुलांना याचं फार अप्रूप वाटतं: देशातलं सर्वांत मोठं न्यायालय आणि त्याच्या तळटीपेत आपल्या दुसऱ्या वर्षाचं गणित. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन हे हार्वर्डचे गणिताचे पदवीधर होते, १९२९चे. इतक्या मोठ्या नमुन्यात अपेक्षित आणि प्रत्यक्ष संख्येतला फरक दोन किंवा तीन प्रमाण विचलनांपेक्षा जास्त असेल, तर निवड यादृच्छिक होती या गृहीतकावर समाजशास्त्रज्ञाला संशय येईल, अशा अर्थाचं वाक्य त्यांनी तिथे लिहिलं. 'दोन किंवा तीन' असं मोघम. त्या मोघम वाक्याचा पुढच्या भेदभावाच्या खटल्यांत जणू दंडकच झाला.

त्याच तळटीपेत असंही म्हटलं आहे की इतका फरक निव्वळ योगायोगानं पडण्याची संभाव्यता एकावर १४० शून्यं दिल्यावर जी संख्या येते, तिच्यात एक यापेक्षाही कमी. या आकड्यात एक गंमत दडलेली आहे आणि ती पुस्तकात मिळत नाही म्हणून सांगते. झेड २९.१ घेऊन प्रसामान्य वितरणाच्या, म्हणजे घंटेच्या आकाराच्या नॉर्मलच्या, शेपटात (मधल्या फुगवट्यापासून दूरच्या टोकाला) संभाव्यता काढली तर छेदात १८६च्या आसपास शून्यं येतात. द्विपदी वितरणाची बेरीज थेट केली तर सुमारे १४४. चाळीसहून जास्त शून्यांचा फरक! 'एन (नमुन्यातली संख्या) मोठा आहे, मग नॉर्मल वापरा' हा नियम मधल्या भागात चालतो. शेपटात इतक्या लांब गेल्यावर तो पार कोलमडतो. न्यायालयाचा १४० शून्यांचा दावा मात्र द्विपदी बेरजेच्या अलीकडेच राहतो, म्हणजे ज्यानं कुणी तो काढला त्यानं नीट काढला होता. निर्णयाला यानं काही फरक पडत नाही, हे खरं. १४४ शून्यं काय आणि १८६ काय, दोन्ही 'नाही'च. पण हाच विद्यार्थी उद्या विमा कंपनीत बसून दुर्मीळ घटनांचे हिशेब करणार असेल, तर त्याला ही खोच आज कळलेली बरी.

हे सगळं होईपर्यंत वर्ग पार्टिडाच्या बाजूला गेलेला असतो. मग मी डबा काढते.

डब्यात एक हजार मणी. ७९१ तपकिरी, २०९ पांढरे. पहिल्या वर्षी मी मण्यांऐवजी घरातून राजमा आणि वाटाणे नेले होते. खर्च वाचला, पण प्रयोग फसला. डोळे मिटले तरी बोटांना राजमा आधी लागतो. एका मुलानं वीसपैकी वीस राजमे काढून दाखवले आणि वर 'रँडम आहे मॅडम' म्हणाला. पुढच्या वर्षी तुळशीबागेतून सारख्या आकाराचे मणी आणले. (तो फसलेला प्रयोग मी अजून दर वर्षी सांगते. चिठ्ठी न टाकता केलेली निवड कशी असते ते राजम्याइतकं कुणी समजावलेलं नाही.)

प्रत्येकानं एक मणी काढायचा, रंग लिहायचा, मणी परत टाकायचा, डबा हलवायचा. असं वीस वेळा. फळ्यावर आकडे येऊ लागतात: १६, १५, १८, १४, १६, १७, १३. अपेक्षित १५.८, प्रमाण विचलन १.८. गेल्या वर्षी एकीला ११ आले तेव्हा वर्गात गलका झाला. मी मुद्दाम वीस घेते, कारण पार्टिडावर आरोप ठेवणारी ग्रँड ज्यूरी ज्या यादीतून आली तिच्यात वीस नावं होती. त्यांत मेक्सिकन वंशाची किती होती? दहा.

दहा म्हणजे निम्मी. वीसातून दहा किंवा त्याहून कमी येण्याची संभाव्यता, ०.७९१ धरून, सुमारे ०.००३७. पावणेतीनशे वेळा याद्या काढल्या तर एखाद्या वेळी. संशयास्पद खरं, पण साठ मुलांच्या वर्गात एखाद्याच्या हाताला तसे मणी लागणं अगदीच अशक्य नाही. त्या एका यादीवर पार्टिडाचा खटला उभा राहिला नसता. ८७० नावं आणि ११ वर्षं, म्हणून तो उभा राहिला. 'नमुना मोठा असला की कसोटीची ताकद वाढते' हे वाक्य मी त्यानंतर लिहून देत नाही. मुलांनी ते मोजलेलं असतं.

आणि इथेच, दोनतीन वर्षांपूर्वी, मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पण ते चिठ्ठ्या टाकून नावं काढतच नव्हते ना? कमिशनरच निवडायचे. मग निवड रँडम आहे का, हे तपासायचं कशाला? नाहीये हे आधीच माहितेय."

मी खडू खाली ठेवला. प्रश्न बरोबर होता आणि मी इतकी वर्षं त्याला बगल देत आले होते.

तिचं म्हणणं असं: ज्या गृहीतकाला आपण एवढ्या थाटानं नाकारतो ते कायद्यानंच खोटं होतं. टेक्सासच्या कायद्यात यादृच्छिक निवड नव्हतीच. कमिशनरनी आपल्या अकलेनं निवडावं असंच त्यात होतं. मग एकोणतीस एसडीनी आपण काय सिद्ध केलं? उघडं दार लाथ मारून उघडलं, एवढंच ना?

उत्तर निम्मं संख्याशास्त्रात आहे, निम्मं कायद्यात. संख्याशास्त्रातलं निम्मं असं: शून्य गृहीतक ही इथे एक मोजपट्टी आहे. वंशाकडे न बघता निवड झाली असती तर यादी साधारण कशी दिसली असती, आणि आहे ती त्यापासून किती लांब आहे, एवढंच ती सांगते. अंतर का पडलं, ते ती सांगत नाही. कमिशनरनी मुद्दाम डावललं असेल. ते फक्त आपल्या ओळखीच्या, आपल्या मोहल्ल्यातल्या लोकांची नावं देत असतील. किंवा पात्रतेच्या अटींमध्येच एका समाजाचे जास्त लोक गळत असतील. तिन्ही कारणांनी झेड वाढतो आणि तिन्हींत तो सारखाच दिसतो.

कायद्यातलं निम्मं: न्यायालयाला कारण सिद्ध झालेलं नकोच होतं, निदान त्या पायरीवर. एवढी तफावत दाखवली, निवडीची पद्धत मनमानीला वाव देणारी आहे हेही दाखवलं, की प्रथमदर्शनी प्रकरण उभं राहतं आणि खुलासा करण्याची जबाबदारी सरकारवर जाते. सरकारनं खुलासा काय केला? जवळजवळ काहीच नाही. न्यायाधीशांनी साक्षीत सांगितलं ते मुख्यतः कमिशनर कसे नेमले आणि त्यांना काय सूचना दिल्या याबद्दल. प्रत्यक्ष नावं निवडणाऱ्या कमिशनरना कुणी साक्षीला बोलावलंच नाही. बहुमताचा निकाल खऱ्या अर्थानं त्या मौनावर टेकलेला आहे. एकोणतीसनं दार ठोठावलं, आतून कुणी ओ दिली नाही.

म्हणूनच त्या १४० शून्यांचा अर्थ लावताना जपावं लागतं. 'कमिशनर निर्दोष असण्याची शक्यता एकावर १४० शून्यांत एक' असं पेपरात लिहिणारी मुलं दर वर्षी निघतात. मी तिथे तांबड्या पेनानं दोन रेघा ओढते. निवड यादृच्छिक असती तर असे आकडे येण्याची संभाव्यता वेगळी, आणि असे आकडे आले असताना कुणी निर्दोष असण्याची संभाव्यता वेगळी. दुसरी काढायला या तळटीपेतलं काहीच पुरत नाही.

आता त्या चौघांकडे येऊ.

विरोधी मत देणारे सरन्यायाधीश वॉरन बर्गर, न्यायमूर्ती स्ट्युअर्ट, पॉवेल आणि रेनक्विस्ट. त्यांचे आक्षेप दोन तऱ्हेचे. पॉवेल यांचा रोख माणसांवर होता. हिडाल्गोत मेक्सिकन वंशाचे लोक बहुसंख्य. सत्तेच्या जागांवरही तेच. यादी करणाऱ्या पाचपैकी तीन कमिशनर मेक्सिकन वंशाचे. त्यांना नेमणारे न्यायाधीश मेक्सिकन वंशाचे. आरोप ठेवणाऱ्या बारा जणांत पाच, त्यांत ज्यूरीचा प्रमुखही. दोषी ठरवणाऱ्या बारांत सात. सत्ता हाती असलेला समाज आपल्याच माणसांना डावलेल हे मुळात पटण्यासारखं नाही, हा त्यांचा मुद्दा. बहुमताचं त्यावर म्हणणं असं की एखाद्या गटातली माणसं आपल्याच गटातल्या इतरांशी भेदभाव करणार नाहीत, हे कायद्यानं गृहीत धरणं शहाणपणाचं नाही. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी वेगळं सहमतीचं मत लिहून याच मुद्द्यावर पॉवेल यांना उत्तर दिलं. वर्गात इथे मी फार बोलत नाही. खालच्या पायरीवरून वर गेलेला माणूस मागे वळून पायरीकडे कसा बघतो, हे आपल्याकडच्या मुलांना टेक्सासवरून शिकवायची गरज नाही.

बर्गर यांचा आक्षेप मात्र थेट आमच्या विषयातला आहे, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत कसदार. त्यांनी पी वर बोट ठेवलं.

०.७९१ हा आकडा कुणाचा? काउंटीतल्या सगळ्यांचा. त्यात पाळण्यातलं पोर आहे, शाळकरी मुलं आहेत, नागरिक नसलेले आहेत, लिहितावाचता न येणारे आहेत. यांतलं कुणीही ग्रँड ज्यूरीत बसू शकत नव्हतं. सीमेवरच्या काउंटीत मेक्सिकन वंशाच्या समाजात यांचं प्रमाण जास्त असणार, हे उघड. मग ८७० जणांची तुलना या समष्टीशी करायचीच का? आमच्या भाषेत: नमुना ज्यातून निघाला ती समष्टी वेगळी आणि तुम्ही पी घेतलात तो दुसऱ्याच समष्टीचा.

बहुमतानं हे अगदीच वाऱ्यावर सोडलं नाही. आणखी एका तळटीपेत पंचवीस वर्षांवरचे आणि थोडंतरी शालेय शिक्षण झालेले एवढेच लोक धरले. मेक्सिकन वंशाचा वाटा ७९.१वरून ६५ टक्क्यांवर आला. मी मुलांना इथे थांबवते आणि हिशेब पुन्हा मांडायला लावते. अपेक्षित ५६५.५, प्रमाण विचलन १४.१, फरक २२६.५. झेड १६. पी चौदा टक्केबिंदूंनी खाली आला आणि झेड जवळजवळ निम्मा झाला. अजूनही प्रचंड आहे, पण केवळ समष्टीची व्याख्या बदलून तेरा एसडी हवेत विरले, हे डोळ्यांनी दिसायला हवं.

आणखी एक पाऊल. ११ वर्षं कशाला? पार्टिडाच्या ज्यूरीचे कमिशनर ज्या न्यायाधीशांनी नेमले, त्यांच्या कारकिर्दीची अडीच वर्षंच घ्या. बोलावलेले २२०, मेक्सिकन वंशाचे १००, म्हणजे ४५.५ टक्के. पी ०.७९१ धरला तर झेड १२. पी ०.६५ धरला तर अपेक्षित १४३, प्रमाण विचलन ७.१, झेड ६. एकोणतीसचे सहा झाले. सहाही पुष्कळ आहेत. संभाव्यता शंभर कोटींत एकाच्या आसपास. आणि त्या एकट्या वीस नावांच्या यादीला ०.६५ लावला तर? वीसात दहा किंवा कमी येण्याची संभाव्यता ०.१२. कुणाच्या भुवया वर जाणार नाहीत.

इथपर्यंत निकालपत्रात आहे, किंवा निकालपत्रातल्या आकड्यांवरून काढता येतं. यापुढचं मात्र तिथे मिळत नाही, आणि माझी खरी तक्रार तिथेच आहे. ८७० नावं डब्यातून वेगवेगळ्या काढलेल्या ८७० स्वतंत्र मण्यांसारखी धरली आहेत. ती तशी नव्हती. एका बैठकीत तेच तीन-पाच कमिशनर पंधरा-वीस नावं काढत. एकदा ओळखीतला एक दुकानदार सुचला की पाठोपाठ त्याच्या शेजारचा सुचतो. म्हणजे नावं गठ्ठ्यागठ्ठ्यानं आली होती आणि एका गठ्ठ्यातली नावं एकमेकांसारखी असणार. द्विपदी वितरणाची पहिलीच अट तिथे ढिली पडते. प्रमाण विचलन आपण काढलं त्यापेक्षा मोठं असणार.

किती मोठं? कमाल मर्यादा काढता येते आणि ती मी गृहपाठाला देते. समजा वीस नावांची प्रत्येक यादी म्हणजे एकच माणूस, वीसही जण एकाच वंशाचे. याहून जास्त गठ्ठा होऊ शकत नाही. तेव्हा प्रमाण विचलन √२० पटीनं, म्हणजे साडेचार पटींच्या जरा आत, वाढेल. एकोणतीसचे साडेसहा होतील. टोकाची गोष्ट गृहीत धरूनही साडेसहा! इथे पार्टिडाचा पाया पक्का आहे. ०.६५ घेऊन ११ वर्षांचा झेड १६ होता, त्याचे ३.६ होतील. अजून तगतो. आता ०.६५ आणि अडीच वर्षं, दोन्ही एकदम घ्या. सहाला साडेचारनं भागा. जवळजवळ १.४. पाच टक्क्यांच्या पातळीवर रिजेक्ट करता येत नाही.

तेच ज्यूरी-दप्तर, तीच काउंटी, आणि झेड २९पासून १.४पर्यंत. मधे कुठेही बेरीज-वजाबाकी चुकलेली नाही. शेवटचा आकडा मी स्वतः मानत नाही, कारण पार्टिडाचीच यादी अर्धी-अर्धी होती. सगळी यादी एका वंशाची हे गृहीतक हाताशी असलेल्या पुराव्यानंच खोटं पडतं. खरं उत्तर मधे कुठेतरी आहे आणि माझ्या मते दोन-तीनच्या बरंच वर. मला विचाराल तर निकाल बरोबर लागला. पण बर्गर यांना गणित कळत नव्हतं म्हणून ते विरोधात गेले, असं कुणी म्हणालं की मी त्याला हा गृहपाठ देते.

समष्टी कोणती धरावी हा प्रश्न इथे निकाल फिरवू शकला नाही, कारण तफावतच अफाट होती. त्याच वर्षी जूनमध्ये, तीन महिन्यांनी, तो फिरवण्याइतका टोकदार होऊन त्याच न्यायालयापुढे आला. मिझुरी राज्यातल्या सेंट लुईस काउंटीमधल्या हेझलवुड शाळा-जिल्ह्यानं दोन वर्षांत ४०५ शिक्षक नेमले होते, त्यांत कृष्णवर्णीय १५. आसपासच्या शिक्षकांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण सेंट लुईस शहर धरून १५.४ टक्के, शहर वगळून ५.७ टक्के. पहिला पी घेतला तर अपेक्षित ६२, फरक साडेसहा एसडी. दुसरा घेतला तर अपेक्षित २३, फरक दोनपेक्षा कमी. शहर धरायचं की वगळायचं? न्यायालयानं प्रकरण खाली परत पाठवलं. हे दोन्ही हिशेब मी शेजारी-शेजारी लिहिते आणि घंटा होईपर्यंत काही बोलत नाही.

इंटर्नलच्या पेपरात हिडाल्गोचा प्रश्न दर वर्षी असतो. त्यात ८७० आणि ३३९ असतात, कमिशनर नावं कशी काढत ते असतं, पात्रतेच्या अटी असतात, जनगणनेचे दोन्ही आकडे असतात. 'पी बरोबर' असं मात्र कुठे छापलेलं नसतं. पेपर वाटून पाच मिनिटं होत नाहीत तोच मधल्या रांगेतून हात वर येतो.

"मॅडम, सहाव्या प्रश्नात चूक आहे. पी दिलाच नाहीये."